जळजळ नसली तरी लघवी तपासा: नाशिकमधल्या पहिलटकरणींसाठी

लघवीला जळजळ होतेय म्हटलं की घरातून येणारं उत्तर ठरलेलं असतं: "उन्हाळी लागली असेल, सब्जा घे, बरं वाटेल." एप्रिल-मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकलेला असताना हे पटतंही, आणि एरवी एखाद्या वेळी तेवढ्यावर निभावतंही. दिवस गेलेले असताना मात्र तेवढ्यावर राहू नका. गरोदरपणात मूत्रमार्गात जंतू शिरले की ते वर किडनीपर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही. त्यातून अडचण अशी की बऱ्याच जणींना सुरुवातीला काहीच त्रास होत नाही. जळजळ नाही, ताप नाही, लघवीही दिसायला स्वच्छ.

मी शहरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. गरोदर बायकांच्या रक्ताच्या तपासण्या बहुतेक वेळेवर होतात, सोनोग्राफी तर कुणीच चुकवत नाही. लघवीची डबी मात्र "ती काय, पुढच्या वेळी देऊ" म्हणून राहते. म्हणून हा लेख प्रामुख्याने त्या डबीबद्दल आहे. बाकीच्या तपासण्या आणि गोळ्यांबद्दलही लिहिलंय, पण थोडक्यात.

आधी हे का होतं ते

बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटरचा असतो आणि शौचाची जागा जवळच. आतड्यात राहणारे ई. कोलाय नावाचे जंतू तिथून मूत्राशयात सहज पोचतात. गरोदरपणातले बहुतेक संसर्ग याच जंतूचे. एरवी लघवीच्या धारेबरोबर ते वाहून जातात. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे किडनीकडून येणाऱ्या नळ्या सैलावतात, वाढतं गर्भाशय त्यांच्यावर आणि मूत्राशयावर दाब देतं, आणि लघवी साचून राहते. साचलेल्या लघवीत जंतूंची वाढ जोरात होते. गर्भाशय थोडं उजवीकडे कलत असल्यामुळे किडनीचं दुखणं उजव्या बाजूला जास्त दिसतं.

शंभर गरोदर बायका घेतल्या तर साधारण दोन ते दहा जणींच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू सापडतात. त्यांच्यावर उपचार झाले नाहीत, तर त्यातल्या चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त जणींना पुढे किडनीचा संसर्ग होऊ शकतो, असं वैद्यकीय पाठ्यपुस्तकं सांगतात. किडनीचा संसर्ग म्हणजे हुडहुडी भरून ताप, दवाखान्यात भरती, आणि दिवस भरायच्या आत कळा सुरू होण्याचा धोका.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण सासरी ती ऐकून घ्यावी लागते. हा संसर्ग झाला म्हणजे सून स्वच्छता पाळत नाही, असं अजिबात नाही. रोज दोनदा आंघोळ करणाऱ्या बाईलाही तो होतो.

पायरी १: बारा आठवड्यांच्या आत नाव घाला

पाळी चुकली, घरी पट्टीवर दोन रेघा आल्या, की तिसरा महिना संपायच्या आत नोंदणी करा. गावात असाल तर आशाताई किंवा उपकेंद्रातल्या सिस्टर, शहरात महापालिकेचं शहरी आरोग्य केंद्र. प्रसूतीची सोय असलेली सरकारी ठिकाणं शहरात बरीच आहेत: त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय, ज्याला सगळे 'सिव्हिल' म्हणतात, नाशिकरोडचं बिटको, कठड्यावरचं झाकीर हुसेन, पंचवटीतलं इंदिरा गांधी रुग्णालय. आडगावला मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे. सातपूर-अंबडच्या कंपनीत ईएसआय कापला जात असेल तर सातपूरचं ईएसआय रुग्णालयही तुमच्या हक्काचं.

गंगापूर रोड-कॉलेज रोडकडच्या खासगी डॉक्टरांकडे नाव घातलं असलं तरी आशाताईकडे नोंद करून माता-बाल संरक्षण कार्ड घ्याच. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पैसे त्या नोंदीवरच अवलंबून असतात. अटींत बसत असाल तर पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, आधी ३,००० आणि बाळाची जन्मनोंद व सुरुवातीच्या लसी झाल्यावर २,०००. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,०००. जाताना आधार कार्ड, तुमच्या स्वतःच्या नावाचं बँक पासबुक आणि शेवटच्या पाळीची तारीख, एवढं बरोबर ठेवा. पासबुक नवऱ्याच्या नावाचं नेलं तर फेरी फुकट.

पेठ, सुरगाण्याकडून द्राक्षाच्या कामासाठी दिंडोरी-निफाडला आलेल्या बायकांनी कार्ड गावी ठेवू नये. बागेत कामाला आलात तरी ते पिशवीत राहू द्या. ते पाहिलं की तिथल्या सिस्टरला तुमचा आधीचा सगळा हिशोब कळतो, आणि तपासण्या पुन्हा पहिल्यापासून कराव्या लागत नाहीत.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान असतं, त्या दिवशी गरोदर मातांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. गर्दी असते, सकाळी लवकर जा, आणि तिथे लघवीला कुठे जायचं ते पोचल्या पोचल्या विचारून घ्या. नंबर जाईल म्हणून तीन-तीन तास लघवी रोखून बसलेल्या बायका मी पाहते, आणि त्यांतल्या कित्येक जणी लघवीच्याच तक्रारीसाठी आलेल्या असतात.

पायरी २: कोणती तपासणी लिहिलीय ते बघा

लघवीच्या तपासण्या दोन. बहुतेकींना वाटतं एकच.

पहिली 'रुटीन'. यात रंगीत चौकोनांची पट्टी बुडवून प्रथिनं, साखर वगैरे बघतात आणि थेंबभर लघवी सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. दर भेटीला होते, उत्तर तासाभरात मिळतं. दुसरी 'कल्चर'. यात लघवी पोषक द्रव्याच्या ताटलीवर पसरून उबेत ठेवतात आणि काय उगवतंय ते बघतात. जंतू उगवला तर कोणत्या औषधाने मरतो तेही तपासतात. म्हणून रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात.

त्रास न देणारे छुपे जंतू रुटीन तपासणीत निसटू शकतात, कल्चरमध्ये सापडतात. त्यामुळे गरोदरपणात सुरुवातीला एकदा तरी कल्चर व्हावं, तक्रार असो वा नसो. चिठ्ठीवर फक्त 'युरिन रुटीन' लिहिलं असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "मॅडम, कल्चर पण करायचं का?" यात त्यांचा अपमान वगैरे काही होत नाही. गावातल्या आरोग्य केंद्रात बहुधा पट्टीचीच सोय असते. कल्चरसाठी मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मागून घ्या. सरकारी दवाखान्यात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली गरोदर बाईच्या तपासण्या आणि औषधं मोफत असतात, ही योजना २०११ पासून आहे.

आधी कधी मूत्रमार्गाचा संसर्ग झालेला असेल, मधुमेह असेल, मुतखडा असेल, किंवा सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल, तर हे आपण होऊन सांगा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या आदिवासी भागातल्या बायकांनी सिकलसेलची तपासणी झालीय की नाही हेही विचारून घ्यावं. अशा मातांचं कल्चर एकदाच करून भागत नाही.

पायरी ३: नमुना नीट द्या

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबते.

लोक काय काय घेऊन येतात! खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली, लोणच्याची छोटी बरणी, एकदा तर आमच्याकडे अत्तराच्या बाटलीतून नमुना आला होता आणि सगळ्या टेबलाला मोगऱ्याचा वास. रुटीनलाही अशी बाटली नको, कल्चरला तर नकोच नको. कल्चरसाठी लॅबमधूनच निर्जंतुक डबी मागा. ती घरी नेऊन 'जरा विसळून घेऊ' असंही करू नका, नळाच्या पाण्यातले जंतू त्यात जातात.

सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सगळ्यात चांगली. ते जमलं नाही तर निदान दोन-तीन तास मूत्राशयात राहिलेली. पोट मोठं झाल्यावर तेवढा वेळ निघणं अवघड असतं, जेवढं जमेल तेवढं. अँटिबायोटिकची पहिली गोळी घ्यायच्या आधी नमुना द्यायचा, हे मात्र पक्कं.

आधी हात साबणाने धुवा. मग खालची जागा साध्या पाण्याने, पुढून मागे अशी धुवा. डेटॉल किंवा तसलं काही घालू नका, ते डबीत उतरलं तर जंतू तिथेच मरतात आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. अंगावरून पांढरं जात असेल तर जास्त काळजीने धुवा. डबीचं झाकण काढून उताणं ठेवा, म्हणजे आतली बाजू वर, कशालाही न टेकता. बेसिनच्या कडेवर पालथं टाकलेलं झाकण परत लावलं की बेसिनवरचे जंतूही तुमच्या नावावर जमा होतात.

आता एका हाताच्या दोन बोटांनी बाजूची त्वचा फाकवून धरा आणि सुरुवातीची धार संडासात जाऊ द्या. धार न थांबवता मधली लघवी डबीत घ्या, अर्धी डबी पुष्कळ झाली. उरलेली पुन्हा संडासात. डबीच्या आत बोट लागू देऊ नका, कड अंगाला टेकवू नका. आठव्या-नवव्या महिन्यात आपल्या पद्धतीच्या संडासात उकिडवं बसून हे सगळं करणं म्हणजे कसरतच. कमोड असेल तर तो वापरा, नसेल तर दाराबाहेर कुणाला तरी उभं करा आणि कडी लावू नका. घाई करून घसरण्यापेक्षा नमुना दुसऱ्या दिवशी दिलेला बरा.

झाकण घट्ट लावा, बाहेरून पुसा, नाव आणि वेळ लिहा. मग ती डबी तासाभरात लॅबमध्ये पोचायला हवी. उबदार हवेत ई. कोलाय वीस-वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतो, म्हणजे दोन तासांत एकाचे चौसष्ट. सकाळी सातला घेतलेली लघवी पिशवीत घालून सिटीलिंकने निघायचं, वाटेत भाजी घ्यायची आणि अकराला लॅबमध्ये यायचं, अशा नमुन्याचा रिपोर्ट काय येईल याची कल्पना करा. औषध नको असलेल्या बाईला मग औषध सुरू होतं. उशीरच होणार असेल तर डबी घट्ट बंद करून, पिशवीत गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. फ्रिजमध्ये ती चोवीस तासांपर्यंत चालते. घरच्यांना किळस वाटत असेल तर सरळ लॅबमध्ये येऊन नमुना द्या.

पायरी ४: रिपोर्ट हातात आल्यावर

रुटीनच्या कागदावर 'पस सेल्स' म्हणजे पांढऱ्या पेशी. पाचपर्यंत असल्या तर सहसा काळजी नसते. त्या वाढलेल्या दिसल्या की लगेच 'मला इन्फेक्शन झालं' असं समजू नका, शेजारचा 'एपिथेलियल सेल्स'चा आकडा बघा. या त्वचेच्या पेशी. त्या भरपूर असतील तर नमुना घेताना अंगावरचं पांढरं त्यात मिसळलेलं असायची शक्यता मोठी, तपासणी पुन्हा करावी लागेल. 'नायट्राइट पॉझिटिव्ह' ही लघवीत जंतू असल्याची खूण, ती मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

'अल्ब्युमिन' म्हणजे प्रथिन. लघवीत संसर्ग असला की ते थोडं उतरू शकतं. पण पाच महिन्यांनंतर अल्ब्युमिन दिसलं तर आधी ब्लड प्रेशर मोजा. प्रेशर वाढलेलं, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, असं काही असेल तर ते दुखणं वेगळं आणि जास्त गंभीर. 'इन्फेक्शनमुळे असेल' म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

कल्चरच्या रिपोर्टवर 'नो ग्रोथ' असेल तर उत्तम. 'मिक्स्ड ग्रोथ' असेल तर बहुधा नमुना बिघडलेला, पुन्हा द्या. एकच जंतू आणि त्याची संख्या एका मिलिलिटरमध्ये एक लाखाच्या वर असेल, तर त्रास नसला तरी गरोदरपणात उपचार करतात. हे घरी पटवणं जड जातं. "तुला काही होत तर नाही, मग गोळ्या कशाला?" असं कुणी म्हणालं तर वरचा चौथ्या हिश्शाचा आकडा सांगा.

खाली औषधांची लांबलचक यादी असते, पुढे 'एस' किंवा 'आर'. 'एस' म्हणजे जंतू त्या औषधाला दबतो, 'आर' म्हणजे दाद देत नाही. या यादीत 'एस' दिसलेलं प्रत्येक औषध गरोदर बाईला चालतं असं मुळीच नाही. लॅब जंतूला विचारते, पोटातल्या बाळाला नाही. निवड डॉक्टरांनीच करायची.

जंतूच्या नावात 'ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस' असेल तर त्याखाली पेनाने रेघ मारून ठेवा आणि प्रसूतीच्या ठिकाणी आवर्जून दाखवा. हा जंतू जन्माच्या वेळी बाळाला लागू शकतो, म्हणून कळा सुरू झाल्यावर आईला शिरेतून अँटिबायोटिक देतात. सातव्या आठवड्यातला तो कागद नवव्या महिन्यात कामाला येतो.

पायरी ५: औषध

मेडिकलवाल्याला "लघवीला जळजळ होते, काहीतरी द्या" म्हणू नका. काऊंटरवर सहज मिळणाऱ्या गोळ्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन या गटातल्या असतात, आणि गरोदरपणात त्या टाळतात. डॉक्सीसायक्लिनही टाळतात. नणंदेला मागच्या वर्षी दिलेली, कपाटात उरलेली अर्धी पट्टीही नको.

डॉक्टर साधारणपणे सेफॅलेक्सिन, सेफिक्झिम, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह, नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिन यांपैकी काही देतात. फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची पुडी असते, पाण्यात विरघळवून एकदाच घ्यायची. नायट्रोफ्युरँटॉइन जेवणाबरोबर घ्या, त्याने लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, घाबरू नका. हे औषध दिवस भरत आले की, म्हणजे साधारण अडतिसाव्या आठवड्यापासून, देत नाहीत, आणि जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांनाही देत नाहीत. पहिल्या तीन महिन्यांत दुसरा पर्याय असेल तर डॉक्टर तो आधी बघतात. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा.

कोर्स सहसा पाच ते सात दिवसांचा. दुसऱ्या दिवशी जळजळ थांबते आणि गोळ्या तिथेच थांबतात, असं फार होतं. पूर्ण करा. जळजळीसाठी दिलेलं आंबट-गोड सिरप लघवीचा आम्लपणा कमी करतं, त्याने बरं वाटतं, पण जंतू मरत नाहीत. सिरप चालू आणि गोळ्या बंद म्हणजे उपचार बंद. ताप-दुखण्याला डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल चालतं, पण डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका.

कोर्स संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी कल्चर पुन्हा करायचं. माझ्या मते सगळ्यात जास्त चुकवली जाणारी पायरी हीच. बरं वाटलं की कोण परत येतंय? पण जंतू गेले की दबून बसले हे दुसऱ्या कल्चरशिवाय कळत नाही. एकदा संसर्ग झालेल्या बाईला त्याच गरोदरपणात पुन्हा होऊ शकतो, म्हणून डॉक्टर पुढेही अधूनमधून तपासायला सांगतात. पुन्हा पुन्हा होत असेल तर बाळंतपणापर्यंत रोज एक छोटा डोस देतात.

पायरी ६: कधी थांबायचं नाही

पहिल्या तीन महिन्यांत आणि शेवटी शेवटी वारंवार लघवीला लागणं हे गरोदरपणाचंच लक्षण आहे. जळजळ, लघवी करून उठलं तरी पुन्हा लागल्यासारखं वाटणं, ओटीपोटात दुखणं, गढूळ किंवा लालसर लघवी, हे मात्र गरोदरपणाचं लक्षण नाही. एक-दोन दिवसांत दाखवा.

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा बरगडीच्या खाली पाठीमागे दुखणं, उलट्या होऊन पाणीही न टिकणं, यातलं काहीही आलं तर त्याच दिवशी, रात्र असली तर रात्री, दवाखाना गाठा. गरोदरपणात कंबर सगळ्यांचीच दुखते. ते दुखणं मधोमध, खाली, आणि कूस बदलली की कमी-जास्त होतं. किडनीचं दुखणं सहसा एका बाजूला, वर, आणि पडून राहिलं तरी थांबत नाही. शंका आली तर घरी ठरवत बसू नका. किडनीच्या संसर्गाला गरोदरपणात भरती करून शिरेतून औषध देतात.

पोट पुन्हा पुन्हा कडक होणं, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, ही लक्षणं दिसली तरी तसंच निघा. पाणी गेलं की लघवी निसटली हे कळत नसेल तर कोरडं पॅड लावून दवाखान्यात जा, तिथे तपासून सांगतात. गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करा. गरोदर मातांची ने-आण करण्यासाठी १०२ आहे. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर पावसाळ्यात गाडी पोचायला वेळ लागतो, तिथे आशाताईचा नंबर आधीच भिंतीवर लिहून ठेवलेला असावा.

पायरी ७: रोजचं

पाणी दिवसाला अडीच-तीन लिटर, उन्हाळ्यात थोडं जास्तच. लघवी फिकट पिवळी दिसली की पुरेसं. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी, ताक, वाळ्याचं पाणी हे सगळं पाणी पोटात जायचं निमित्त म्हणून चांगलंच आहे. साखर वाढलेली असेल तर सरबतं सोडा. गोखरू, जवखार वगैरे काढे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. निर्जळी उपास या नऊ महिन्यांत करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. देवाची समजूत घालता येते.

पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं, आणि खरी अडचण तिथे आहे. बायका पाणी पीत नाहीत त्या तहान नसते म्हणून नाही, जायला जागा नसते म्हणून. द्राक्षाच्या बागेत छाटणीला आलेल्या बाईला सबंध दिवसात आडोसा मिळत नाही. अंबडच्या लाइनवर उभ्या असलेल्या मुलीला सुपरवायझरला दर वेळी विचारायची लाज वाटते. मुंबईला जायचं म्हटलं की सकाळपासून पाणी बंद, न जाणो कसारा घाटात अडकलो तर! यावर माझ्याकडे जादूचा उपाय नाही. कंपनीत गरोदर असल्याचं लवकर सांगा आणि दोन तासांनी जायची मुभा आधीच मागून घ्या. बागेत कामाला जाताना टोळीतल्या बायकांनी मिळून जुन्या साड्यांचा आडोसा करून घ्यावा, मुकादमाला तेवढं सांगता येतं. एसटीने लांब जाताना सीबीएस किंवा ठक्कर बाजारला बसण्याआधी जाऊन या, आणि शक्य असेल तर रेल्वे धरा, डब्यात संडास तरी असतो.

लघवी करताना घाई नको. झाली असं वाटल्यावर क्षणभर थांबून थोडं पुढे वाका, उरलेली येते. शौचानंतर पुढून मागे धुवा. संबंधानंतर लघवी करून या. सुती अंतर्वस्त्रं घाला. योनीच्या आत साबण किंवा 'वॉश' नको.

पायरी ८: बाकीची तयारी, थोडक्यात

कार्डावरच्या किमान चार तपासण्या चुकवू नका, जमल्यास त्याहून जास्त. दर वेळी वजन, ब्लड प्रेशर, लघवी. रक्तात हिमोग्लोबिन (११ च्या खाली म्हणजे रक्त कमी), रक्तगट, एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी. साखरेची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी. साखर वाढलेली असेल तर लघवीचा संसर्गही जास्त होतो.

लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज, कॅल्शियम दिवसातून दोनदा, पण दोन्ही एकत्र नाही, मध्ये दोन तास जाऊ द्या. लोहाने शौचाला काळं आणि कडक होतं. बद्धकोष्ठतेने मूत्राशयही नीट रिकामं होत नाही, तेव्हा भाजी-फळं वाढवा. धनुर्वाताची म्हणजे टीडीची लस दोनदा, महिन्याच्या अंतराने. बाळाच्या अवयवांची सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांच्या आसपास. मुलगा की मुलगी हे तिथे विचारू नका, तो १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

पायरी ९: माहेरी जाताना फाइल पूर्ण करा

पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्यात डोहाळजेवण झालं की मालेगावला किंवा येवल्याला रवानगी. डॉक्टर बदलतात आणि मधला सगळा इतिहास नाशिकच्या कपाटात राहतो. निघण्याआधी एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कार्ड, रक्तगटाचा कागद, सगळ्या सोनोग्राफी आणि कल्चरचे झालेले सगळे रिपोर्ट घाला. संसर्ग झाला होता का, कोणतं औषध किती दिवस घेतलं, नंतरचं कल्चर कसं आलं, हे एका कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहा. फोनमध्ये फोटोही ठेवा, रात्री अपरात्री फोल्डर सापडेलच असं नाही. तिकडे पोचल्यावर आठवड्याभरात नवीन दवाखान्यात नाव घाला आणि आधी संसर्ग झाला असेल तर तिथे लघवी पुन्हा तपासायला सांगा.

बाळंतपणानंतरही फोल्डर लगेच माळ्यावर टाकू नका. सिझेरियनला किंवा अवघड बाळंतपणात लघवीची नळी घालतात, आणि नळीमुळे संसर्ग होऊ शकतो. नळी काढल्यावर, आणि साध्या बाळंतपणानंतरही, सहा तासांच्या आत लघवी झाली पाहिजे. टाक्यांना झोंबेल म्हणून रोखू नका, करताना वरून कोमट पाणी सोडा. सहा तासांत झाली नाही, किंवा थेंब थेंब होतेय आणि पोट तटतटतंय, तर वॉर्डातल्या सिस्टरला लगेच सांगा. घरी आल्यावर ताप आला तर 'दूध उतरतंय म्हणून असेल' असं आपणच ठरवू नका. डॉक्टरांना दाखवा, ते लघवीही तपासतील, आणि डबी कशी द्यायची ते तोवर तुम्हाला ठाऊक झालेलं असेल.